राईत हिरवा रंग नसतो

पहिल्या दिवशी मी धर्मशाळेच्या भिंतीला हिरवा ऑइल पेंट लावला. सावंतवाडीहून मुद्दाम आणलेला डबा. सहा फुटांचा पट्टा काढला, खाली तपकिरी बुंधे, वर हिरवे ढग, मधे दोन पोपट. दुपारी वाडीतली काकी गुरांना पाणी दाखवून परत येताना थांबली. वय पंच्याऐंशीच्या घरात, पाठ वाकलेली, पण जीभ सरळ. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ह्यां काय रे झिला? भाताचा शेत?"

"काकी, राई आहे आपली. देवाची."

"राय अशी नसता. राय हिरवी भायरसून. भितर काळोख."

आणि गेली. पोपटांबद्दल काही बोललीसुद्धा नाही.

गावात मला सगळे पेंटर म्हणतात. लालबाग-परळच्या पट्ट्यात तीसेक वर्षं मी पाट्या रंगवल्या. डेअरीची म्हैस, सलूनमधला हिरो, मंडळांचे फळे, टेम्पोच्या मागची कमळं. झाड म्हटलं की हात आपोआप चालायचा: तपकिरी बुंधा, वर हिरवा ढग, ढगाला फिकट हिरव्याचे चार फटके, झालं. अशी किती झाडं काढली असतील देव जाणे. मग फ्लेक्स आला आणि बघता बघता धंदा बसला. ब्रश गुंडाळून गावी आलो. थोडी काजूची बाग, बायकोचं कोकम-आगळ, आणि पावसाळ्यात गणपतीच्या शाळेत डोळे आखायचं काम. एवढ्यावर चाललंय.

हे भिंतीचं लचांड माझ्या गळ्यात पडलं ते गणपतीनंतरच्या बैठकीत. जत्रा पौषात. धर्मशाळेची देवळासमोरची भिंत पावसाने काळी पडलेली, तिचं काहीतरी करायला हवं होतं. मुंबईच्या मंडळाने व्हॉट्सॲपवर फ्लेक्सचं डिझाइन पाठवलं होतं. राईचा ड्रोनने काढलेला फोटो, वर 'आमची देवराई, आमची शान', खाली पदाधिकाऱ्यांची पंधरा तोंडं. तोंडांनी राईपेक्षा जास्त जागा खाल्लेली. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "फ्लेक्स कशाला? पेंटर आहेत की गावात." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं, कारण बैठकीतला खरा विषय वेगळा होता आणि तो निघायच्या आत घरी जावं असा माझा विचार होता.

खरा विषय सभामंडपाचा. नव्या मंडपाचा नकाशा तयार होता, स्लॅबचा, दीडशे माणूस बसेल असा. नकाशात राईच्या तोंडावरची दोन झाडं आडवी येत होती, एक सातवीण आणि एक किंदळ. ती काढायची की नाही यावरून गेल्या वर्षापासून निम्मं गाव निम्म्या गावाशी धड बोलत नव्हतं. मी यात पडणार नव्हतो. मला फक्त भिंत रंगवायची होती.

काकीने 'भाताचा शेत' म्हटल्यावर मात्र झोप लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खळ्यात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "चल, दाखव काळोख."

आमची राई चार एकरांची असेल. वाट देवळामागून आत जाते. चपला बाहेर काढायच्या, आत मोठ्याने बोलायचं नाही, थुंकायचं नाही आणि आतलं काहीही बाहेर आणायचं नाही. वाळलेली काटकीसुद्धा नाही. फांदी मोडून पडली तर पडल्या जागी कुजते. लहानपणापासून हे नियम पाळत आलो होतो, पण खरं सांगायचं तर वर्षातून एकदा देवाच्या मागोमाग आत जाऊन यायचं, एवढीच माझी राईशी ओळख. बघायला म्हणून मी कधी गेलोच नव्हतो.

आत शिरलं की पहिल्यांदा पायांना कळतं. बाहेरची तांबडी कडक माती संपते आणि पाय पानांत रुततो, थंड, मऊ, जरा ओला. मग आवाज बदलतो. डोळे सगळ्यात शेवटी जागे होतात. काकी पुढे, मी मागे. तिला आता अंधुक दिसतं, त्यामुळे ती झाडं हाताने ओळखते. एका बुंध्याला तळवा लावून म्हणाली, "हो किंदळ. हात लाव." लावला. उभ्या चिरा, खरखरीत. "आता ही सातीण." ही वेगळी, अंगावर पुरळ उठल्यासारखी बारीक दाणेदार. भेरलो माड मला पानांवरून कळला, माशाच्या शेपटीसारखी पानं दुसऱ्या कशाची नसतात. वर सुरंगी, ओवळ, करमळ, आणि या सगळ्यांना बांधून ठेवल्यासारखी मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल, एका झाडावरून चढलेली आणि पाचव्यावरून उतरलेली.

वही-पेन्सिल घेऊन मी तीन तास बसलो आणि एक झाड काढू शकलो नाही. 'झाड' मला काढता येत होतं. हे झाड काढता येत नव्हतं. आणि काकीचं खरं होतं, हिरवं काही दिसतच नव्हतं. हिरवं होतं ते वर, छपरासारखं, उजेडाला पाठ करून. खाली काळं, तांबूस, राखाडी आणि मधेमधे कवडसे. कवडसा ज्या पानावर पडेल तेवढंच पान दिसायचं, तेही हिरवं नाही, पांढरंफटक. मग वरून सुपाने पाखडल्यासारखा आवाज झाला. ककणेरांची जोडी गेली. आमच्याकडचा धनेश. आवाज त्याच्या पंखांचा, पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो. काकी वर न बघताच म्हणाली, "दोन आसत."

घरी येऊन भिंतीवरचा हिरवा पट्टा खरवडायला घेतला. फार खरवडायला लागलाच नाही. चिऱ्याची जुनी भिंत, आत ओल भरलेली. रंगाचे पापुद्रे आपणहून सुटत होते. प्रायमर मारला होता तरी. मुंबईच्या सिमेंटवर जे चालतं ते जांभ्याच्या चिऱ्यावर चालत नाही, हे पेंटर म्हणवणाऱ्याला कळायला हवं होतं.

खरवडता खरवडता मला मोरजी आठवली. भाच्याच्या लग्नाला पेडण्याच्या बाजूला गेलो होतो तेव्हा मोरजाईच्या देवळात भिंतींवर कावीचं काम बघितलं होतं. गोव्यात, आमच्या सिंधुदुर्गात आणि खाली कारवारच्या किनाऱ्यावर जुन्या देवळांत अजून कुठे कुठे शिल्लक आहे. पांढऱ्या चुन्यावर कावेचा, म्हणजे लाल मातीच्या रंगाचा, थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार सळईने खरवडतात. खरवडलं की खालचा पांढरा दिसतो. रंग दोनच, लाल आणि पांढरा. ब्रश नाही. आणि हिरवा तर नाहीच नाही.

आधी काळोख लावायचा, मग त्यातून उजेड खरवडून काढायचा. हात तसाच हवेत राहिला माझा. राईत तीन तास बसून मी हेच तर बघत होतो.

आता हे काम येणारं कोण? पलीकडच्या गावात एक म्हातारे गवंडी आहेत, सगळे त्यांना मेस्त म्हणतात. त्यांनी स्वतः कधी कावी केली नव्हती, पण लहानपणी आजोबांच्या हाताखाली चुना मळला होता. मी गेलो तेव्हा ते म्हणाले, "चुनो कळलो तर सगळा कळला. कावी सोपी." सोपी कसली!

चुना शिंपल्यांचा हवा, असं त्यांचं म्हणणं. दगडी चुना चालतो पण पांढरेपणा तो नाही. वेंगुर्ल्याच्या बाजूने ओळखीने सहा गोणी आणल्या. कळीच्या चुन्यावर पाणी घातलं की तो फुसफुसतो, उकळतो, वाफा येतात, पिंप हाताला लावता येत नाही. पोरांना लांब उभं केलं. डोळ्यांत एक थेंब गेला तर डोळा जायचा. शांत झाल्यावर फडक्यातून गाळून खड्ड्यात मुरत घातला. त्यात नदीची बारीक रेती आणि गुळाचं पाणी. रोज सकाळी मुसळाने कांडायचा. पाळ्या लावल्या होत्या, दोन घरं रोज. गूळ आंबायला लागला की एक आंबूस वास सुटतो, भट्टीसारखा. एका संध्याकाळी गावातला एक गृहस्थ वासावर चौकशी करत आला. चुना बघून बिचारा निराश झाला.

मला घाई होती. नवव्या दिवशीच मी मेस्तना न विचारता एक तुकडा लावून बघितला. संध्याकाळी सुरेख दिसत होता. सकाळी त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. मेस्त आले, नखाने एक पोपडा उचलला आणि म्हणाले, "पेंटरानू, ह्यो अजून तापलेलो आसा. तुमी पण." तीन आठवडे मुरल्यावर पुन्हा लावला. तो आजही आहे, मागच्या कोपऱ्यात.

चुना मुरत होता तेवढ्यात दुसरी भानगड उभी राहिली. माझा बेत असा की राईतलं खरं पान ओल्या कावेवर दाबायचं, उठलेल्या ठशाभोवती खरवडायचं, म्हणजे ज्याला चित्र येत नाही त्यालाही आकार मिळेल. गुरवांनी सरळ नाही सांगितलं. "रायेतला पान भायर काढूचा नाय." मी म्हटलं पडलेलं पान, झाडाचं तोडणार नाही. तरी नाही. मग मंडप करायचा म्हणणाऱ्यांपैकी एक जण खवचटपणे म्हणाला, "पान चालत नाही आणि झाड चालतं?" पण तो हे मंडपवाल्यांच्याच बाजूने बोलला होता, त्यामुळे क्षणभर सगळेच गोंधळले. तोसुद्धा.

शेवटी देवाला कौल लावला. पान न्यायला परवानगी आहे का? डावा पडला, म्हणजे नाही. पुन्हा लावला, डावाच. बैठक उठली. मी पाय ओढत घरी निघालो, तर काकी साकवावर बसलेली. राईतला व्हाळ देवळाला वळसा घालून या साकवाखालून वाडीत येतो आणि मे महिन्यातही आटत नाही. आमच्या विहिरींना पाणी त्याच्यामुळे आहे, हे शाळेत न गेलेल्यालाही माहीत आहे. काकीने काठीने खाली दाखवलं. पाण्यात पानं वाहत येत होती. सातविणीच्या डहाळीचा शेंडा, सात पानांचा पूर्ण पंजा, एका दगडाला अडकून थरथरत होता.

"व्हाळान जां भायर हाडल्यान तां व्हाळाचा," काकी म्हणाली. ओढ्याने जे बाहेर आणलं ते ओढ्याचं.

गुरवांना विचारलं. ते हसले. म्हणाले, साकवाच्या खालचं पाणी गाव पितं, मग पानाने काय पाप केलं? दुसऱ्या दिवसापासून शाळेतली नऊ पोरं शाळा सुटली की टोपल्या घेऊन साकवाखाली पाण्यात उभी. काय काय आलं! भेरल्या माडाच्या शेपट्या, ओवळीची फुलं, करमळीचं करवतकाठी पान, आणि एक दिवस चक्क गारंबीची बी, हाताच्या मुठीत मावेल न मावेल अशी, चॉकलेटी, गुळगुळीत. मेस्तनी ती मागून घेतली. चुना घोटायला नदीतला गोटा लागतो, त्यांनी या बीने घोटला. म्हणाले, गोट्यापेक्षा बरी.

पोरं पानं आणायची पण नावं कोणाला येत नव्हती. काकीला हातात दिलं की कळायचं, पण ती मालवणीत सांगणार आणि पोरांच्या पुस्तकात दुसरंच नाव. म्हणून कॉलेजातले वनस्पतीशास्त्राचे सर एका रविवारी आले. काकी आणि सर देवळाच्या पायरीवर समोरासमोर बसले, मधे पानांचा ढीग. ती एक नाव सांगायची, ते एक सांगायचे, अंगणवाडीच्या बाई दोन्ही लिहायच्या. बोलता बोलता सरांनी सांगितलं की माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया धुंडाळल्या, तेव्हा कुठे शिकलेल्या जगाला या रानांची दखल घ्यावीशी वाटली. आणि आपल्याच जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला रानजायफळाची राई आहे, जेमतेम अडीच हेक्टरची, पायाखाली दलदल, झाडांची मुळं गुडघे काढून वर आलेली. तिला आता जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे. काकीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "थय देव खयचो?" सरांनी सांगितलं. मग तिला पटलं.

भिंत ४२ फूट लांब, म्हणजे २८ हात. वाडीत घरं २९. प्रत्येक घराला एक हात भिंत आणि राईतलं एक झाड, असं ठरलं तेव्हा हा एक हात कमी पडला. गुरव म्हणाले, मला नको, माझी सगळीच आहेत. सुटलं एकदाचं. पण झाडं वाटताना जी भांडणं झाली ती जमिनीच्या वाटणीलाही झाली नसतील. आंबा पाच जणांना हवा. सुरंगीवर दोन जावा हटून बसल्या. वडाला मोठं कुटुंब पाहिजे म्हणून वड मोठ्या घराने परस्पर घेऊन टाकला. काजऱ्याला मात्र कोणी हात लावेना. विषारी झाड, घराच्या नावावर कशाला घ्यायचं? वाडीच्या टोकाला एक एकटे गृहस्थ राहतात, तोंडाने जरा फाटके, लग्नबिग्न केलं नाही. ते मागे विडी ओढत बसले होते. म्हणाले, "काजरो माजो." सगळे हसले. नंतर त्यांच्या तुकड्यासमोर सगळ्यात जास्त माणसं थांबायची, ते पुढे सांगतो.

प्रत्येकाला आपलं झाड आत जाऊन बघायचं होतं, अनवाणी, गप्प बसून, कमीत कमी एक तास. ही अट माझी. मीच तीन तास बसून शिकलो होतो, तेव्हा बाकीच्यांना तरी का सोडा? सुरुवातीला कुरकुर झाली. भात काढणीचे दिवस, बायकांना तास कुठून मिळणार? मग त्या दोघी-दोघी सकाळच्या वेळी जायला लागल्या, आणि मला वाटतं, त्यांना तो तास आवडायला लागला. एक सून मला म्हणाली, लग्न होऊन अकरा वर्षं झाली, या गावात तासभर नुसती बसले ती पहिल्यांदाच.

दिवाळीनंतर पांढरा गिलावा झाला. तुळशीच्या लग्नानंतर काव सुरू केली. कामाची रीत अशी बसली: पहाटे मेस्त आणि मी त्या दिवशीच्या हातभर पट्ट्याला काव-चुन्याचा थर द्यायचा. थर भाकरीच्या पापुद्र्याएवढाच. जाड झाला तर खरवडताना ढलपे निघतात, पातळ झाला तर लाल धुरकट दिसतो. मग घोटायचं. दहाच्या सुमाराला बोट लावलं की ठसा उठतो पण रंग बोटाला येत नाही, अशी वेळ येते. ती आली की घरवाल्यांना हाक मारायची. दुपारी तीन-चारपर्यंत थर आवळतो, मग सळई चालत नाही. पाच-सहा तास मिळतात, त्यात झाड झालं तर झालं.

हत्यारं म्हणाल तर दाभण. पोती शिवायचा साधा दाभण, लाकडी मुठीत ठोकलेला. बारीक कामाला केसांच्या पिना. गोल काढायला खिळा आणि सुतळी. माझे तीस वर्षांचे ब्रश पेटीतच राहिले.

मला वाटलं होतं मी सगळ्यांना शिकवणार. दुसऱ्याच दिवशी सुरंगीवाल्या धाकट्या जावेने माझी खोड मोडली. मी तिला बुंध्याची बाह्यरेषा खडूने आखून देत होतो. तिने ती पुसली. "भाऊ, झाड मी काढत नाही. मी फक्त उजेड काढते." आणि तिने खरोखर बुंधा काढलाच नाही. वरपासून खालपर्यंत नुसते कवडसे खरवडले, लहानमोठे, काही पानाच्या आकाराचे, काही नुसते ठिपके. जवळून बघताना पांढरे शिंतोडे. दहा पावलं मागे गेलो आणि मधे न खरवडलेला लाल भाग उभा राहिला, तो बुंधा. वर फांद्यांना चिकटलेल्या सुरंगीच्या कळ्या. या बाई रोज दारात रांगोळी काढतात, गौरीला कणे घालतात. जागा मोकळी कुठे सोडायची हे त्यांच्या हातात होतं. माझ्या हातात भरायची सवय. मी पाटीवर इंचभर जागा मोकळी ठेवली की मालक पैसे कापायचा.

सगळेच तुकडे असे झाले नाहीत, हेही सांगायला हवं. दोन-तीन झाडं ब्रोकोलीसारखी आहेत. आंब्याला कोणीतरी पानांपेक्षा आंबे जास्त लावलेत, राईतला रायवळ एवढा कधी फळत नाही. एका घराने वाघ काढला. विचारलं, वाघ बघितलास का राईत? तर म्हणे देवाचा वाघ आहे, तो दिसत नसतो. काय बोलणार! आणि काजरा. त्या एकट्या गृहस्थांनी झाडच नाही काढलं, एकच फांदी काढली, खाली वाकलेली, तिच्यावर गोल गोल फळं, आणि फळांकडे बघत बसलेलं एक माकड. माकडाचा चेहरा इतका हुबेहूब विचारात पडलेला की प्रत्येकाला त्यात गावातलं वेगवेगळं माणूस दिसतं. नावं सांगत नाही.

मार्गशीर्षात एक रात्र पाऊस पडला. अवेळी, वाऱ्यासकट. धर्मशाळेला पडवी आहे, पण झड पश्चिमेची. आम्ही कंदील-टॉर्च घेऊन धावलो, माडाचे झाप लावले, ताडपत्री धरली. तरी आदल्या दिवशीचा करमळीचा तुकडा गेला. सकाळी भिंतीवरून लाल ओघळ आणि खाली लाल डबकं. करमळवाल्या घरातली म्हातारी रडायला लागली. मेस्तनी तिला समजावलं की चुन्याला हवेत सुकायला महिने लागतात, हळूहळू दगड होतो, मग पाऊस त्याचं काही करू शकत नाही. म्हातारीने विचारलं, किती महिने? ते म्हणाले, तुझ्या नातवाच्या लग्नापर्यंत पक्का. नातू दुसरीत आहे. करमळ पुन्हा केली.

जत्रेच्या आदल्या दिवशी २८ हातांपैकी २१ भरले होते. सात हात कोरे, नुसते पांढरे. ती सात घरं बंद आहेत, माणसं मुंबईला, बोरिवली-विरार-डोंबिवलीला. कोणी म्हणालं, आपणच भरून टाकू, वाईट दिसतंय. मी म्हटलं राहू दे. माझ्या मनात काही थोर नव्हतं. हात दुखत होते, चुन्याने बोटांची साल निघाली होती, रात्री खोबरेल लावून झोपायचो.

जत्रेला चाकरमानी आले. गाऱ्हाणं झालं, "व्हय म्हाराजा" झालं, रात्रभर दशावतार. दशावताराची माणसं धर्मशाळेत रंगायला बसतात, त्यातला एक जण अर्ध्या रंगवलेल्या तोंडाने पेट्रोमॅक्स धरून सगळी भिंत बघून आला आणि माकडासमोर हसत उभा राहिला. सकाळी आमच्या मंडपाच्या नकाशावाले, मंडळाचे मोठे पदाधिकारी, भिंतीसमोर आले. त्यांना आपल्या आडनावाच्या घरचा तुकडा सापडेना.

"आमचा कुठे?"

अंगणवाडीच्या बाईंनी कोरा हात दाखवला. खाली पेन्सिलने झाडाचं नाव लिहिलेलं होतं. वाटणी गुरवांनी केली होती, मी नाही. नाव होतं सातवीण. मंडपाच्या नकाशात येणारी तीच.

मला वाटलं आता भडका उडणार. गृहस्थ काही बोलले नाहीत. दुपारी पाहतो तर ते बूट-मोजे काढून देवळामागे निघालेले. काकी वाटेवर बसलेली, तिने काठी पुढे केली, त्यांनी धरली आणि दोघं आत गेली. मी अंतर ठेवून मागे. सातविणीच्या बुंध्यात दोन पुरुष उंचीवर एक ढोल, म्हणजे पोकळी, आहे. त्याचं तोंड जवळजवळ लिंपलेलं होतं, मधे बोटभर फट. एवढ्यात सुपाचा आवाज आला, नर उतरला, मान वाकडी करून फटीत चोच घातली. आतल्या मादीला भरवत होता. तिने स्वतःला आत लिंपून घेतलेलं असतं, पिल्लं वाढेपर्यंत ती बाहेर येत नाही.

"काकी, हा ढोल कधीपासून आहे?"

"तुजो आजो ल्हान होतो तेवापासून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंबईची गाडी चुकवली. पहाटे थर द्यायला स्वतः आले, मेस्तनी सांगितलं तरी ऐकेनात, आपल्या हाताने काव फासली आणि जाड फासली. दाभण धरायची सवय नाही, घामाघूम. ढोल काढला, फट काढली, चोच काढली. चोच पपईएवढी झाली. चार वाजता थर आवळला तेव्हा झाड अर्धंच झालं होतं.

मंडपाचा नकाशा रद्द झालेला नाही. तो देवळाच्या कपाटात आहे आणि पुढच्या बैठकीत निघणार असं दोन्ही बाजू सांगतात. त्या गृहस्थांचा तुकडा चौथ्या दिवशी तडकला, बरोबर ढोलावरून उभी भेग. मी फोनवर फोटो पाठवला. त्यांचा उलट फोन आला, भेग बुजवता येईल का? मेस्तना विचारलं. बुजवता येत नाही, काढून पुन्हा लावावा लागतो.

परवा त्यांनी चुन्याचे पैसे पाठवले. एक गोणी भिजत घातली आहे माझ्या घरामागे. या खेपेला मी घाई करणार नाही.